टाहोच्या पुळणीवर पोहायला जाताना

बे एरियातल्या मराठी घरांमध्ये जून लागला की भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांच्या शाळा संपलेल्या असतात आणि लेक टाहोला जायचा बेत ठरतोच. गाडी एमराल्ड बेच्या कठड्यापाशी थांबते, निळ्याशार पाण्यासमोर फोटो निघतात, डबे उघडतात आणि संध्याकाळी मंडळी परतीच्या रस्त्याला लागतात. पाण्यात उतरणं बहुतेकदा राहून जातं. उतरलंच, तर शनिवारी भर दुपारी, सगळ्यात गर्दीच्या किनाऱ्यावर, कसलीही तयारी नसताना. मला या दोन्ही गोष्टी बदलाव्याशा वाटतात. टाहोच्या दक्षिण काठावर मंद उताराच्या लांबलचक पुळणी आहेत. योग्य दिवशी, योग्य वेळी गेलं तर तिथे निवांत पोहता येतं, लहान मुलांना तासन्‌तास खेळवता येतं आणि सत्तरीतल्या आजीला पाय बुडवून बसता येतं. मात्र हे पाणी आपल्या ओळखीचं नाही. ना ते कोकणातल्या समुद्रासारखं वागतं, ना गावच्या विहिरीसारखं.

टाहोचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६,२२५ फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही आठेकशे फूट वर. सर्वांत जास्त खोली १,६४५ फूट. अमेरिकेत याहून खोल तळं एकच, ऑरेगनमधलं क्रेटर लेक. त्रेसष्ट ओढे-नद्या सिएरा नेवाडाचं वितळलेलं बर्फ इथे आणून सोडतात. बाहेर पडणारी नदी मात्र एकटी ट्रकी, आणि तीही समुद्राला न मिळता नेवाडाच्या रखरखीत मुलखातल्या पिरॅमिड लेकमध्ये संपते. एवढा खोल साठा हिवाळ्यात गोठत नाही, तसा उन्हाळ्यात तापतही नाही. तापतो तो फक्त वरचा थर. जूनच्या सुरुवातीला तो १० ते १५ अंश सेल्सिअसच्या घरात असतो आणि जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेरपर्यंत १८ ते २१ अंशांपर्यंत जातो. पोहण्याच्या तलावाचं पाणी साधारण २७-२८ अंशांचं असतं, कोकणातला समुद्रही तेवढाच उबदार. म्हणजे टाहोचा सर्वांत चांगला दिवससुद्धा आपल्या सवयीपेक्षा सहा-सात अंशांनी थंड असतो.

या थंडीविषयी सविस्तर लिहायला हवं, कारण चांगलं पोहता येणारी माणसंच इथे फसतात. पंधरा अंशांखालच्या पाण्यात एकदम उडी मारली की शरीर आपलं ऐकत नाही. छातीत आपोआप एक खोल श्वास ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर फुप्फुसात पाणी जातं. त्यामागोमाग धाप लागते, नाडी आणि रक्तदाब एकदम चढतात. हा झटका साधारण एक-दोन मिनिटं टिकतो. त्यातून सावरलं तरी पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत हातापायांतला जोर ओसरायला लागतो, बोटं वळेनाशी होतात आणि काठ समोर दिसत असूनही हात मारवत नाहीत. अंगातली ऊब संपून शुद्ध हरपणं हा त्यानंतरचा टप्पा. थंड पाण्यातले बहुतेक मृत्यू त्या टप्प्याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही मिनिटांत होतात. कॉलेजात स्पर्धा जिंकलेली असो वा रोज चाळीस लॅप मारायची सवय असो, पहिल्या श्वासावर त्याचा काही इलाज नाही.

म्हणून टाहोत उडी मारायची नाही. चालत उतरायचं. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत पाण्यात थांबा. ओंजळीने मानेवर, छातीवर, तोंडावर पाणी घ्या. कमरेपर्यंत गेल्यावर पुन्हा थांबा आणि श्वास संथ होईपर्यंत पुढे सरकू नका. श्वास सोडताना आवाज न कापता एक पूर्ण वाक्य बोलता आलं की मगच अंग पाण्यात सोडा. चुकून खोल पाण्यात पडलातच, तर लगेच हातपाय मारायला लागू नका. पाठीवर उताणं होऊन तोंड वर ठेवा, तरंगत राहा, धाप कमी होऊ द्या आणि मग काठाकडे वळा. मुलांना हे गाडीतच समजावून सांगा आणि घरच्या तलावात एकदा करून घ्या. पोहताना काठाला समांतर पोहा, जिथे कधीही पाय टेकवता येतील अशा पाण्यात. एवढंही लक्षात असू द्या की गोड्या पाण्यात समुद्राइतकं सहज तरंगता येत नाही. मालवण-गणपतीपुळ्याला पोहायला शिकलेल्यांना हा फरक पहिल्या दहा हातांतच जाणवतो.

आता जागेचं बोलू. माझं मत विचाराल तर कुटुंबासाठी दक्षिण काठच. साउथ लेक टाहो गावातून ८९ क्रमांकाच्या रस्त्याने वायव्येला निघालं की पोप, किवा आणि बॉल्डविन या तीन पुळणी ओळीने लागतात. तिन्ही वनखात्याच्या. हिमनद्यांनी आणि ओढ्यांनी सिएरातला ग्रॅनाइट कुरतडून आणून टाकला, त्यातूनच इथली जाडसर, फिकट वाळू तयार झाली. तळाचा उतार इतका हळूहळू वाढतो की बराच आत गेलं तरी पाणी कमरेपर्यंतच असतं, आणि उथळ म्हणून ते ऊनही लवकर धरतं. मागे पाइनचं दाट बन, समोर पाणी, पश्चिमेला ९,७३५ फुटांचा माउंट टॅलॅक. पोप आणि बॉल्डविनला गाडी लावायला पैसे पडतात, किवाला पडत नाहीत. किवावर पट्टा बांधून कुत्रं नेता येतं, त्यामुळे ज्यांच्या मुलांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांनी बॉल्डविन गाठावं. या पुळणींना जोडणारी डांबरी सायकलवाट आहे. गाडी एकीकडे लावून सायकलने दुसरीकडे गेलं की वाहनतळाच्या तोंडाशी असलेली गर्दी मागे पडते. वाळूतून दहा मिनिटं चालायची तयारी असेल तर बॉल्डविनला जुलैतही मोकळी जागा सापडते. पूर्वेला स्टेटलाइनजवळची नेवाडा बीचही रुंद आणि सुंदर आहे, पण वारा सुटला की सगळ्या लाटा त्या बाजूला येतात.

टाहोला भरती-ओहोटी नाही, तरी पुळणीची रुंदी दरवर्षी बदलते. टाहो सिटीच्या धरणामुळे तळ्याच्या वरच्या सहा फुटांवर माणसाचं नियंत्रण आहे. भरपूर बर्फ पडलेल्या वर्षी पाणी थेट झाडांच्या मुळांपर्यंत येतं आणि बसायला चिंचोळी पट्टी उरते. दुष्काळी वर्षी हीच पुळण मैदानाएवढी होते. मागच्या खेपेला पाहिलेली जागा यंदा तशीच असेल असं धरून चालू नका.

फोटोत सर्वांत देखण्या दिसणाऱ्या दोन जागा मी लहान मुलांसाठी सुचवणार नाही. एक, पश्चिमेकडचं डी. एल. ब्लिस उद्यान. तिथल्या रुबिकॉन पॉइंटपाशी काठ सोडताच तळ कड्यासारखा खाली जातो. दुसरी, सँड हार्बर. तिथली वाळू मऊ आहे, पण मोठमोठ्या ग्रॅनाइटच्या शिळांमध्ये मध्येच खोल पाणी लागतं, आणि लोक त्या शिळांवरून उड्या मारतात. पाण्याची नितळता इथे दगा देते. पाण्यातून बघताना तळ असतो त्यापेक्षा वर दिसतो. आठ फूट खोल पाणी काठावरून सहा फुटांचं भासतं, आणि गढूळ पाण्यात जी भीती आपोआप वाटते ती इथे वाटत नाही. शिळेवरून उडी मारण्याचा हट्ट धरणाऱ्या किशोरवयीन मुलांना हे आधी दाखवावं. काठी बुडवून मोजायला लावलं की त्यांना लगेच पटतं.

मात्र जागेपेक्षाही वेळ महत्त्वाची. टाहोवर पोहायचं ते सकाळी. उन्हाळ्यात इथे दुपारी नैऋत्येकडून वारा सुटतो, तो संध्याकाळी पडतो. सकाळी आठ-नऊला जे पाणी निश्चल असतं, त्यावर दोन वाजता फेसाळ लाटा असतात. काही दुपारी डोंगरामागून ढग चढतात आणि विजा होतात. पहिला गडगडाट ऐकताच पाण्याबाहेर या आणि गाडीत जाऊन बसा, एकट्यादुकट्या झाडाखाली थांबू नका. जोरदार वाऱ्याचा आणखी एक परिणाम कमी लोकांना माहीत असतो. वारा वरचा उबदार थर पूर्वेला ढकलतो आणि पश्चिम काठाशी तळाचं गार पाणी वर येतं. काल जिथे आरामात पोहलात तिथे आज पाय ठेववत नाही, असं भर ऑगस्टातही होतं. म्हणून रोज नव्याने पाय घालून बघायचं, कालच्या अनुभवावर उतरायचं नाही.

वाऱ्याला कमी लेखू नका म्हणून एक घटना सांगतो. २१ जून २०२५ रोजी, शनिवारी दुपारी, डी. एल. ब्लिसजवळ अचानक उठलेल्या वादळात एक मोटरबोट उलटली. लाटा आठ फुटांपर्यंत उसळल्या होत्या. बोटीवरच्या दहा जणांपैकी आठ जण गेले. ती सत्तावीस फुटांची बोट होती. आपण तर दुकानातून हवा भरलेला हंस किंवा पिवळी होडी आणून मुलांना त्यात बसवतो. काठाकडून आत वाहणारा वारा अशी खेळणी काही मिनिटांत खोल पाण्यावर नेतो, आणि त्यांच्यामागे पोहत जाणारा बाप दोन संकटांत सापडतो. हवेची खेळणी टाहोवर नेऊच नका. पॅडलबोर्ड भाड्याने घेतलात तर अंगात लाइफ जॅकेट घाला, बोर्डावर बांधून ठेवू नका, आणि पायाची दोरी सोडू नका. पोहण्याच्या हद्दीबाहेर गेल्यावर पॅडलबोर्ड कायद्याने बोट धरला जातो, त्यामुळे जॅकेट जवळ असणं सक्तीचंच आहे. तेरा वर्षांखालच्या मुलाने तर ते अंगात घातलेलंच असावं लागतं.

शांत किनारा हवा असेल तर त्याची दुसरी बाजूही स्वीकारायला हवी. टाहोच्या बहुतेक पुळणींवर जीवरक्षक नसतो. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, मान मागे, डोळे काचेसारखे, आणि वीस फुटांवर बसलेल्यांना काही कळतही नाही. आपल्याकडे पाच कुटुंबं एकत्र जातात, दहा मोठी माणसं काठावर असतात आणि म्हणूनच कोणाचंच लक्ष नसतं. उपाय सोपा आहे. पाळ्या लावा. एका वेळी एकच मोठं माणूस ‘पहाऱ्यावर’. त्याच्या हातात फोन नाही, पत्ते नाहीत, भजी नाहीत. वीस मिनिटांनी पाळी बदलताना नाव घेऊन सांगायचं: आता तू. पोहता न येणारं मूल गुडघाभर पाण्यात असलं तरी अंगात मापाचं लाइफ जॅकेट हवं, दंडात घालायचे फुगे नकोत. कोणी संकटात दिसलं तर त्याच्यामागे उडी टाकू नका. दोर, रिकामा कूलर, वल्हं, जे हाताला लागेल ते त्याच्याकडे फेका आणि दुसऱ्याला ९११ लावायला सांगा. पश्चिम काठावर फोनला सगळीकडे रेंज नसते. शेवटची रेंज कुठे होती ते जाताना बघून ठेवा.

आई-बाबांबद्दल वेगळं सांगायला हवं. रक्तदाबाची गोळी चालू आहे, स्टेंट बसवलेला आहे, दमा आहे, अशांनी थंड पाण्यात अंग बुडवू नये. डॉक्टरांनी पोहायला परवानगी दिलेली असली तरी ती उबदार तलावासाठी असते. टाहोचं तापमान सांगून पुन्हा विचारा. त्यांच्यासाठी काठाला पाण्यातच घडीची खुर्ची टाका. पोटऱ्यांपर्यंत गार पाणी, डोक्यावर टोपी, हातात थर्मासमधला चहा, हा बेत त्यांना पोहण्याहून जास्त आवडतो. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांचं अंग उंचीवरच्या कोरड्या हवेत लवकर सुकतं. तहान लागायची वाट न बघता त्यांना पाणी देत राहा. पहिल्या दिवशी थोडं डोकं दुखणं, जिना चढताना दम लागणं या उंचीवर होतं. पोहणं दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवलं तर सगळ्यांनाच बरं.

कपड्यांबाबत संकोच नको. सुती साडी, सलवार किंवा जीन्स पाण्यात जड होते, पायांत गुंडाळते आणि बाहेर आल्यावर अंगावरच गारठते. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख सहज मिळतो आणि तो घालून आलेल्या बाईकडे टाहोवर कोणी वळून बघत नाही. उन्हासाठीही तोच चांगला. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि कोरडी वाळू त्यातली काही पुन्हा अंगावर फेकते. हवा गार असल्यामुळे चटका जाणवत नाही. सावळ्या कातडीला ऊन लागत नाही हा समज इथे संध्याकाळपर्यंत नाकाची सालं काढतो. पाण्याबाहेर आल्यावर लगेच ओले कपडे बदला, डोकं पुसा, लोकरीची टोपी घाला, काहीतरी गरम प्या. बाहेर आल्यावरही काही मिनिटं शरीराचं आतलं तापमान उतरतच असतं, म्हणून हुडहुडी उशिरा भरते. मुलाचे ओठ निळसर दिसले की ‘अजून पाचच मिनिटं’ ऐकायचं नाही. बिअरने ऊब येत नाही, उलट जाते.

गर्दीचं गणित असं. जुलै-ऑगस्टचा शनिवार म्हणजे वाहनतळ सकाळीच भरलेला. बे एरियातून रस्ता मोकळा असेल तर चार तास लागतात, शुक्रवारी संध्याकाळी कितीतरी जास्त. मंगळवार-बुधवारची सुट्टी काढा, आदल्या रात्री मुक्कामाला पोहोचा आणि आठच्या सुमारास पुळणीवर असा. अकरा-बारापर्यंत पोहणं आटोपून सामान आवरायला घ्या. लोक येत असतात तेव्हा आपण निघालेलं बरं. शाळेत जाणारी मुलं नसतील तर लेबर डेनंतरचे दोन आठवडे सर्वांत उत्तम, पाण्यात उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते आणि किनारे रिकामे. सँड हार्बरला जायचंच असेल तर गर्दीच्या मोसमात सकाळच्या प्रवेशासाठी आगाऊ आरक्षण करावं लागतं. रस्त्याकडेला गाडी लावायचा विचार करू नका, दंड होतो.

या पाण्याची नितळता १९६८ पासून मोजली जाते. पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि ती किती खोलवर दिसते ते नोंदवायचं. त्या वर्षी ती शंभर फुटांहून खाली दिसत होती, आता साठ-सत्तर फुटांपर्यंतच दिसते. बारीक गाळ आणि शेवाळ ही त्याची मुख्य कारणं. २०२३ च्या चार जुलैनंतर दुसऱ्या दिवशी स्वयंसेवकांनी इथल्या किनाऱ्यांवरून आठ हजार पौंडांहून जास्त कचरा गोळा केला. तेव्हा ताटं-पातेली तळ्यात विसळू नका, साबण लावून अंघोळ करू नका. भक्तिभावाने का होईना, फुलं, नारळ, नाणी पाण्यात सोडू नका. या काठांवर वॉशो लोक हजारो वर्षं राहत आले आहेत आणि त्यांच्यासाठी हे पाणी आपल्या तीर्थांइतकंच पवित्र आहे. वाळूत कुठे कुंपण दिसलं तर ते ओलांडू नका. टाहो यलो क्रेस नावाची पिवळ्या फुलांची छोटी वनस्पती जगात फक्त याच तळ्याच्या काठावर उगवते, आणि ती उगवते नेमकी पुळणीतच. पुरी-भाजीचा डबा गाडीत ठेवून पोहायला जाऊ नका, वास लागला की अस्वल दार उचकटतं. खाणं सोबत ठेवा आणि उरलेलं परत न्या. पुळणीवर शेकोटी किंवा कोळशाची शेगडी अजिबात नको. मार्क ट्वेनने १८६१ मध्ये याच काठावर मुक्काम केला होता. त्याच्या शेकोटीने डोंगरातलं जंगल कसं पेटलं ते त्यानेच ‘रफिंग इट’मध्ये लिहून ठेवलं आहे. २०२१ मध्ये कॅल्डोर वणव्यामुळे साउथ लेक टाहो गाव रिकामं करावं लागलं होतं.

निघण्याआधी आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी दोन गोष्टी तपासा. एक, रीनोच्या हवामान कार्यालयाची ‘लेक विंड अ‍ॅडव्हायझरी’. दुसरी, हवेतला धूर. ऑगस्ट-सप्टेंबरात वणव्यांचा धूर खोऱ्यात साचतो आणि तेव्हा दम्याच्या माणसाने तिथे जाऊच नये. फक्त वाऱ्याचा इशारा असेल तर बेत रद्द करायची गरज नाही. किवाला लागूनच टॅलॅक हिस्टॉरिक साइट आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या धनिकांचे उन्हाळी वाडे आणि त्यांच्या बागा तिथे जपल्या आहेत. टेलर क्रीकच्या काठाने सपाट पायवाट आहे, ती आई-बाबांनाही झेपते. त्या दिवशी पाण्यात उतरू नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा आणि पुन्हा जा.